निरंक

होटगी रोडवरच्या आमच्या हॉटेलात
अपघात नोंदवही माझ्याकडे असते,
स्टोअरच्या किल्ल्यांबरोबर, एकाच खिळ्याला.
सहा वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला
मी तिच्यात एकच शब्द लिहीत आलो: निरंक.
अक्षर माझं वळणदार.
तपासणीला आलेले साहेबही म्हणाले होते,
येमुल, काय सुरेख लिहितोस.

मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस असतं.
आत तंदूरपाशी किती, ते कुणी मोजत नाही.
रोटी लावून लावून मौलालीच्या उजव्या हातावर
कोपरापर्यंत केस उरलेला नाही.
'दाढीला न्हावी, हाताला तंदूर,' म्हणून हसतो,
आणि कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीतलं मिठाचं पाणी
दोन ऑर्डरींच्या मधे घोटभर घेतो.
लघवीला जळजळतं, हे त्यानं मला
मागच्या जिन्यात बिडी पेटवताना सांगितलं.
असल्या गोष्टीला वहीत रकाना नाही.

नर्सव्वा आधी टॉवेलच्या कारखान्यात होती,
अक्कलकोट रोडला, मागांच्या खडखडाटात.
कान तिथंच ठेवून आले, म्हणते.
आता तेच टॉवेल दुमडून ती हंस करते,
गादीच्या मधोमध दोन, चोचीला चोच.
दिवसाला चौदा खोल्या.
एका गादीचे चार कोपरे, म्हणजे छप्पन्न वेळा वाकणं,
फरशी आणि संडास वेगळे.
कंबरेला लेकाचा शाळेतला पट्टा आवळते.
बक्कल पोटात रुततं, ते बरं वाटतं म्हणते,
दुखणं दुसरीकडं जातं.

एप्रिलमधला शनिवार. लग्नाचं वऱ्हाड येणार होतं.
दोनशे सातच्या संडासाला पिवळा डाग.
तिनं अ‍ॅसिड ओतलं. डाग हलला नाही.
मग त्यावरच ब्लीच.

बाटल्यांवर काही लिहिलेलं नव्हतं.
बाटल्या मी भरतो.
मोठ्या कॅनमधून, पाहुण्यांनी टाकलेल्या
पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत. स्वस्त पडतं.
वळणदार अक्षर असलेला माणूस मी,
दोन शब्द लिहिले नाहीत.

लाँड्रीतला बळीराम वास येऊन दारावर थापा मारत होता.
तिला ऐकू गेल्या नाहीत.

सिव्हिलला रिक्षात माझ्या खांद्यावर तिचं डोकं होतं,
श्वास असा, जणू कोणी ओला फडका पिळतंय.
ऑक्सिजन लावल्यावर तिनं बोटानं जवळ बोलावलं.
वाटलं, आता शिवी घालणार. घालायलाच हवी होती.
मास्क जरा उचलून म्हणाली,
'आजचा खाडा मांडू नको.'

एक मेला मालक म्हणाले,
'गेली ना घरी चालत? मग झालं.'
मी वही उघडली.
हाताला सवय होती, 'नि' उमटूनही गेला.
त्या 'नि'चं काय करावं, कळेना.
बराच वेळ पंखा फिरत राहिला.
मग त्याच्यापुढंच लिहिलं:
निनावी बाटल्या. भरणारा, सही करणारा मीच.

बावीस दिवसांनी ती आली. खोकत.
मी लेबलं तयार ठेवली होती, मराठीत, तेलुगूत,
माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात.
तिनं कौतुकानं पाहिली. वाचता तिला येत नाही,
हे मी सहा वर्षांत विचारलं नव्हतं.
मग तिनं फाटक्या टॉवेलची किनार उसवली,
अ‍ॅसिडच्या गळ्याला लाल सूत, ब्लीचच्या गळ्याला निळं,
मागावर तुटलेला धागा सांधतात तशी
एका हातानं गाठ मारली.
मी तिच्याकडून ती गाठ शिकतोय. अजून सुटते.

संध्याकाळी मौलाली स्टोअरच्या दारात उभा,
बाही वर सारून. मनगटापासून कोपरापर्यंत
जुन्यावर नवे, नव्यावर ताजे.
'लिवायलास म्हणं,' म्हणाला.
मी वही उघडली, तारीख विचारली.
'कुठली कुठली सांगू बे?'
त्यानं हात रकान्यांवर आडवा ठेवला.
पान झाकून गेलं.